भांड्यावरचं नाव

मागच्या वेळी आपण कणगी आणि बियाण्यांबद्दल बोललो. आज माळ्यावर, नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांबद्दल बोलू.

गटाचं मोडकं शेवयांचं यंत्र विकायला आम्ही तालुक्याच्या गावी भंगारवाल्याकडे गेलो होतो. तिथे ढिगात एक पितळी घागर आडवी पडली होती. एका बाजूने चेपलेली, गळ्याशी काळी-हिरवी झालेली. आमच्यातल्या एकीने ती सहज उचलून फिरवली, तर काठाखाली टिंबाटिंबांनी काढलेली अक्षरं बोटाला लागली. बाईचं नाव होतं, गाव आपल्याच भागातलं, आणि पुढे शके १८५३. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, म्हणजे १९३१. यंत्राच्या पैशांतून आम्ही ती घागर मोडीच्या भावाने वजनावर घेतली. घरी आल्यावर, “भंगार देऊन भंगार आणलंत होय?” असं ऐकूनही घेतलं.

पण त्या घागरीमुळे आम्ही शोधाला लागलो. ही भांडी घडवायचे तांबट. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, ती पेशव्यांच्या काळापासूनची. नाशिकची भांडीही तेवढीच नावाजलेली. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून तांब्यापितळेचे तयार पत्रे मुंबई बंदरात उतरू लागले आणि तांबटांचं पत्रा बडवून काढण्याचं कष्ट वाचलं. पुढचं घडवणं मात्र हातानेच. भांड्यावर ओळीने जे बारीक ठोके दिसतात, त्याला मठार म्हणतात. आम्हाला वाटायचं ती नक्षी. पण ठोकल्याने धातू कडक होतो आणि भांडं सहज चेपत नाही. शोभा आहे, पण आधी मजबुती.

भांडं विकत घेतलं की दुकानातच नाव घालून मिळायचं. छिन्नी आणि हातोडीने एकेक टिंब. लग्नात, डोहाळजेवणाला, बारशाला दिलेल्या भांड्यावर कुणी, कुणाला, कधी दिलं ते लिहिलेलं असायचं. गावजेवणात भांडी एकमेकांकडे जात, तेव्हा आपलं कुठलं हे कळायलाही नाव हवंच. पुष्कळ भांड्यांवर नाव पुरुषाचं असतं, हे खरं. पण माहेरच्या आहेरावर बाईचं नाव यायचं, आणि आमच्या दृष्टीने सगळी गोष्ट इथेच आहे. त्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. शाळेच्या पटावर नव्हतं, कारण ती शाळेत गेलीच नाही. लग्नात माहेरचं नावही बदललं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा मिळण्याचा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली झाला, सगळ्या देशात २००५ साली. त्याआधी जगून गेलेल्या कितीतरी जणींचं नाव लिहिलेलं सापडेल ते घागरीवर, नाहीतर परातीवर.

मग ही भांडी गेली कुठे? आधी आलं ॲल्युमिनिअम, ज्याला आपल्या आज्या ‘जर्मन’ म्हणायच्या. नावात जर्मन असलं तरी आपल्या देशात ही भांडी करायला मद्रासच्या कलाशाळेत १८९८ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी सुरुवात केली. हलकं, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. स्टीलचा शोध १९१३ सालचा, इंग्लंडातल्या शेफील्ड गावातला, पण आपल्या फडताळात ते आलं स्वातंत्र्यानंतर. चिंच लावून घासायचं नाही, आंबट कळकत नाही, डोक्यावर हंडा हलका. आपल्या सासवांनी जड पितळ देऊन स्टील घेतलं त्यात त्यांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. पाणी त्यांनाच वाहायचं होतं. आणि १९७२ च्या दुष्काळात तर आवड-निवड नव्हतीच. आमच्या गटातल्या थोरल्या काकू तेव्हा खडी फोडायला जात. त्या सांगतात, आधी बंब गेला, मग घंगाळ, शेवटी पाण्याचा हंडा. तेव्हा नाव कोण वाचत बसतंय?

अशा वेळी मोडीत जाणारं वाचवणारा एक माणूस होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी घरगुती जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाचं संग्रहालय पुण्यात शुक्रवार पेठेत आहे. संग्रह त्यांनी पुढे सरकारला देऊन टाकला. तिथे तलवारींपेक्षा आम्हाला थांबवलं ते अडकित्त्यांनी, टाचा घासायच्या वज्रींनी, कुंकवाच्या करंड्यांनी, समयांनी, वाड्यांच्या कोरीव दरवाजांनी. बाईच्या हातातली वस्तू काचेच्या कपाटात ठेवावी असं त्या काळी कुणाला सुचलं, याचंच नवल वाटतं. गटाची सहल काढाल तेव्हा तासाभरात उरकू नका.

आता दुरुस्तीचं. इथे आमची एक चूक आधी सांगतो. गटातल्या एकीला माहेरची कळशी सापडली, आजीची. आम्हीच हौसेने ती शहरात पॉलिशला दिली. मशिनवर बफिंग करून आली ती सोन्यासारखी, आणि अक्षरं गेली! अंगठा फिरवला तर एखादं टिंब लागतं, एवढंच. तिने आम्हाला बोल लावला नाही, पण त्या दिवशी ती चहा न घेताच घरी गेली.

तेव्हापासून आम्ही घासायच्या आधी वाचतो. अंधारात बॅटरीचा उजेड आडवा टाकला की पुसट टिंबांना सावली पडते. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली तर अक्षरं कागदावर उतरतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. मगच चिंचेचा कोळ आणि मीठ, तेही मऊ फडक्याने, अक्षरांवर हलकं. राख चाळलेली असेल तरच, विटकरीची पूड नको, काथ्या नको. धुऊन लगेच कोरडं करायचं, नाहीतर पुन्हा डाग पडतात. चेप काढायला तांबट गाठावा, घरचा हातोडा नव्हे.

स्वयंपाकात वापरायचं असेल तर आतून कल्हई हवी. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतो. कथील शुद्ध आहे ना, विचारा. त्यात शिशाची भेसळ असली तर ते पोटात जातं. जुन्या डाखातही शिसं असतं, म्हणून डाख लावलेलं भांडं आम्ही खाण्यापिण्याला घेत नाही, त्यात तुळस लावतो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, लिंबू, आमसुलाचं सार ठेवू नका.

आणि दारावर जुनं घ्यायला कुणी आलं, तर घाई करू नका. शंभर वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, ती परदेशी नेता येत नाही. देवळातली समई किंवा मूर्ती कुणी विकायला आणली तर घेऊच नका.

घागरीचं सांगायचं राहिलं. गाव माहीत होतं, म्हणून आम्ही चौघी एसटीने गेलो. नाव रेडिओवर सांगायचं नाही असं त्यांच्या घरच्यांशी ठरलं आहे. नातसून भेटल्या, साठीच्या पुढच्या. त्यांनी कागदावरचा ठसा दोनदा वाचला. म्हणाल्या, “आमच्या घरात सगळे त्यांना थोरली आईच म्हणायचे. त्यांचं नाव हे होतं, हे मला आजच कळलं.” मग आत जाऊन त्यांनी मुलाला हाक मारली आणि त्यालाही वाचायला लावलं.

घागर सध्या गटाच्या खोलीत आहे. चेप अजून तसाच आहे, तांबटाची तारीख मिळायची आहे. दिवाळीआधी न्यायला येते म्हणाल्यात.