घरगुती शिवणकाम आणि कापडाची बेगमी

मराठीत कापड आणि कपडा हे दोन शब्द निराळे आहेत. ताग्यातून उतरते ते कापड आणि अंगावर चढतो तो कपडा. या दोहोंमधील अंतर बेतणे, कापणे आणि शिवणे या तीन क्रियांनी भरून निघते. हे काम घरच्या घरी करणाऱ्यांजवळ कापडाचा थोडाफार साठा असतोच. कुठे तो लोखंडी ट्रंकेत असतो, कुठे दिवाणाच्या खणात, तर कुठे कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर. पॉपलिनचे दोन-अडीच मीटरचे तुकडे, ओटीत आलेले ब्लाऊजपीस, जुन्या साडीचा धड राहिलेला पदर, अस्तराचे उरलेले कापड आणि बटणांचा एखादा बिस्किटाचा डबा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. धान्याची किंवा पापड-कुरडयांची बेगमी करावी तशीच ही बेगमी. फरक एवढाच, की धान्य वर्षभरात संपते. कापड मात्र हिशेब ठेवला नाही तर संपत नाही. ते पडून राहते आणि पडून राहिलेले कापड बिघडते. त्यामुळे यंत्र चालविण्याइतकेच कापड निवडण्याचे आणि राखण्याचे ज्ञान शिवण शिकणाऱ्याला आवश्यक ठरते.

साठ्याची ही सवय टंचाईच्या काळात जडली. दुसऱ्या महायुद्धात कापडाचे भाव भडकले आणि १९४३ मध्ये सरकारने सुती कापड व सूत यांवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. स्वातंत्र्यानंतरही 'कंट्रोलचे कापड' हा शब्दप्रयोग घरोघरी रुळलेला होता. मिळेल तेव्हा घेऊन ठेवावे, ही वृत्ती त्यातून आली. एकाच ताग्यातून मुलांचे सदरे, मुलींचे झगे आणि उरलेल्यातून उशांचे अभ्रे निघत. सगळी भावंडे एकाच छापाच्या कपड्यांत उभी असलेली जुनी छायाचित्रे अनेक घरांत सापडतात, त्यामागे हौसेपेक्षा हा हिशेब अधिक होता.

शिवणयंत्राने या साठ्याला गती दिली. एलियस होव याला त्याच्या यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले, तर आयझॅक सिंगर याला १८५१ मध्ये. सिंगरच्या कंपनीने हप्त्यांवर विक्री सुरू केल्याने हे यंत्र सामान्य घरात पोहोचू शकले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये 'यंग इंडिया'तून शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे कंटाळवाणे हातशिवण वाचावे या ममतेतून सिंगरने ते घडविले, अशी त्यांची समजूत होती. (सिंगरचे चरित्र पाहता ही समजूत जरा उदारच म्हणावी लागेल.) भारतात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात 'उषा' यंत्रे बनविण्यास आरंभ केला. त्यानंतर पायमशीन ही मध्यमवर्गीय घरातील एक स्थावर वस्तूच होऊन बसली. कमावता माणूस गेल्यावर याच यंत्रावर घर उभे केलेल्या स्त्रिया महाराष्ट्रातील गावोगावी आढळतात.

पन्हा आणि लांबी

कापड विकत घेताना लांबी सर्वजण विचारतात, पन्हा मात्र विसरला जातो. पन्हा म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची कापडाची रुंदी. घरगुती शिवणातील बहुतेक नुकसान येथेच होते. पारंपरिक पॉपलिन, केंब्रिक, टू बाय टू रुबिया ही कापडे प्रायः ३६ इंच पन्ह्याची असतात, ड्रेसची कापडे ४४ इंचांच्या आसपास असतात, तर शर्टाची आणि पँटची कापडे ५८ इंच पन्ह्यात मिळतात. मध्यम बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे सुमारे सव्वादोन मीटर कापड लागते, ५८ इंच पन्ह्याचे मात्र एक मीटर ६० सेंटिमीटर पुरते. यावरून मोठा पन्हा नेहमीच स्वस्त पडतो असा समज होतो. पण क्षेत्रफळ काढले तर चित्र उलटे दिसते. पहिल्या बाबतीत सुमारे २.०६ चौरस मीटर कापड वापरले जाते आणि दुसऱ्या बाबतीत सुमारे २.३६ चौरस मीटर. म्हणजेच मोठ्या पन्ह्यात कडेला अधिक कापड उरते. खिसे, कॉलरीचे आतले पदर किंवा लहान मुलाचे झबले यासाठी ते उपयोगात आणले, तरच तो पन्हा परवडतो.

मापांची भाषाही थोडी गोंधळाची आहे. १९५६ च्या कायद्यानंतर देशात दशमान मापे आली आणि दुकानात मीटर आला. तरीही साडी नऊवारी आणि सहावारीच राहिली. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, म्हणून नऊवारी साडीची लांबी मीटरमध्ये सव्वाआठच्या जवळपास येते. जुन्या साडीतून परकर-पोलके किंवा ड्रेस बेतताना आधी मीटरमध्ये मोजून घ्यावे. वारांचा आकडा मीटर समजून कळ्यांची संख्या ठरविली, तर शेवटची कळी तुटीची निघते.

खणाचे उदाहरण या बाबतीत उद्‌बोधक आहे. उत्तर कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा खण मुळात चोळीसाठी होता. त्याचा पन्हा अरुंद, दोन्ही बाजूंना काठ आणि मध्ये बारीक नक्षी. चोळीचे भाग लहान असल्याने हा पन्हा अगदी नेमका होता. अलीकडे खणाचे कुर्ते, परकर आणि साड्याही निघाल्या आहेत. अंगभर कपड्यासाठी अरुंद पन्हा जोडावा लागतो आणि जोड काठावर घ्यावा की काठ कापून टाकावा, हा निर्णय कात्री लावण्यापूर्वीच घ्यावा लागतो. खणाचे सौंदर्य काठात असल्याने जोडच उठून दिसेल असा बेत करणे बहुधा श्रेयस्कर.

कापड कुठून घ्यावे, याची उत्तरे शहरागणिक वेगळी आहेत. मुंबईत मंगलदास मार्केट व मुळजी जेठा मार्केट, पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठेतील कापडगंज ही परिचित ठिकाणे. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्या दुकानांतून खात्रीचे सुती कापड आणि थोड्या दोषाचे तुकडे स्वस्तात मिळत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी थंडावत गेली आणि तो पुरवठा आटला. आज सुती कापडाचा मोठा भाग यंत्रमागावर निघतो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला आणि त्या गावाचे नाव कापडाशी कायमचे जोडले गेले. भिवंडी आणि मालेगाव ही राज्यातील अशीच अन्य केंद्रे.

आटणे, रंग जाणे, कसर लागणे

विणताना आणि नंतरच्या प्रक्रियेत ताण्याचे, म्हणजे उभे धागे ओढून धरलेले असतात. पहिल्या धुण्यात ते मोकळे होतात आणि कापड लांबीत आटते. सुती कापड चार-पाच टक्के आटले, तरी अडीच मीटरच्या तुकड्यात दहा-बारा सेंटिमीटरची तूट येते. शिवल्यानंतर ही तूट आली तर कुर्ता गुडघ्याच्या वर जातो. यासाठी सुती कापड साठ्यात ठेवण्यापूर्वीच रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, न पिळता सावलीत वाळवावे आणि उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी. अस्तरही याच रीतीने आटवून घ्यावे. वरचे कापड आटविले आणि अस्तर तसेच राहिले, तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आतून कपडा ओढू लागते आणि शिवणीवर चुण्या पडतात. शिवणाऱ्याचा हात कितीही सफाईदार असला तरी हा दोष झाकत नाही. रेशीम आणि जरीचे कापड मात्र भिजवू नये.

भिजविण्याचे दुसरेही लाभ आहेत. गडद लाल, निळा, काळा हे रंग जातात की टिकतात ते कळते. शिवाय कापडाला दिलेली खळ निघून जाते. दुकानात भरदार वाटणारे कापड खळ गेल्यावर जाळीसारखे निघाल्याचा अनुभव सार्वत्रिक आहे. घेण्यापूर्वीच कोपरा दोन बोटांत चोळून पाहावा. पांढरी भुकटी पडली तर खळ बरीच आहे असे समजावे.

तंतू ओळखण्याची जुनी परीक्षा म्हणजे ज्योत. कडेचे चार धागे चिमट्यात धरून जाळावेत; जवळ पाण्याची वाटी असावी. सुताला जळक्या कागदाचा वास येतो व मऊ राख राहते. रेशीम आणि लोकर यांना केस जळाल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. इस्त्री किती तापवायची आणि उन्हाळ्यात ते कापड अंगाला सोसेल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या परीक्षेत मिळतात.

साठवणुकीचा खरा शत्रू पावसाळा. कोकणात तर दमट हवेने आठवड्याभरात बुरशीचे ठिपके पडू शकतात. कापड पूर्ण कोरडे करूनच ठेवावे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत किंचित ओल राहिली तरी ती आतच कोंडते, म्हणून जुन्या सुती चादरीचे बासन उत्तम. खळ केलेल्या कापडाला कसर लवकर लागते. साठ्यात ठेवायच्या कापडाला खळ देऊ नये. कडुलिंबाचा पाला सुकवून पुरचुंडीत ठेवावा. डांबरगोळ्या ठेवल्यास त्या कापडाला, विशेषतः जरीला, टेकू देऊ नयेत. घड्या दर तीन-चार महिन्यांनी बदलाव्यात, नाहीतर रेशीम घडीवरच विरते. पाऊस संपल्यावर आश्विनातील उन्हात सुती कापडे एकदा वाळवावीत. रेशमाला सावलीतली हवाच पुरे.

प्रत्येक तुकड्याला एक चिठ्ठी असावी आणि तीवर पन्हा, लांबी, कापडाचा प्रकार, घेतल्याचा महिना आणि 'आटविले' किंवा 'कोरे' एवढे लिहावे. चिठ्ठी टाचणीने लावू नये, कारण दमट हवेत टाचणी गंजते आणि तो डाग निघत नाही. दोन धावदोरे घालून ती टाचावी. वर्षातून एकदा या चिठ्ठ्या वाचल्या, की कोणते कापड कोणासाठी घेतले होते आणि ते मूल आता किती उंच झाले, याचाही हिशेब लागतो. दोन वर्षे ज्याचा बेत ठरला नाही असे कापड शेजारी किंवा शिवणवर्गाला देऊन टाकणे बरे. सवलतीच्या दिवसांत घेतलेले झुळझुळीत जॉर्जेट हे बहुतेक पेट्यांतील असे न संपणारे कापड असते. नवशिक्याने साठा करायचाच तर पांढरे पॉपलिन, केंब्रिक, दोन-तीन रंगांचे अस्तर आणि बेत तपासण्यासाठी मांजरपाट एवढ्यावरच थांबावे. महागाच्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी त्याच मापाचा कच्चा कपडा मांजरपाटात शिवून पाहिला, तर मुंढा आणि गळा यांतील चुका तिथेच कळतात.

माया

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. तयार कपड्यात ती जेमतेम एक सेंटिमीटर असते आणि ती कडाही यंत्राने कातरून गुंफलेली असते. घरी शिवलेल्या ब्लाऊजच्या कुशीत इंच-सव्वा इंच माया ठेवून दोन-तीन समांतर टिपा मारतात. अंग भरले की आतली टीप उसवायची. मुलीच्या झग्याला तळाशी रुंद दुमड आणि वर टक्स घालण्याचा हेतूही हाच. असा झगा तीन वर्षे पुरतो आणि मग धाकटीकडे जातो.

केवळ पैशांचा विचार केला तर घरी शिवणे आता सर्वच बाबतींत स्वस्त राहिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. साधा टी-शर्ट किंवा मुलाची चड्डी बाजारात कापडाच्या किमतीत मिळते. ब्लाऊजचे तसे नाही. त्याची शिलाई पुष्कळदा कापडाहून महाग पडते. मापाचा प्रश्न तर वेगळाच आहे. तयार कपड्यांचे स्मॉल, मीडियम, लार्ज हे साचे बव्हंशी परदेशी मापांवरून आले. भारतीय अंगाची मापे ठरविण्यासाठी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीने 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला, त्यात सहा शहरांतील २५ हजार व्यक्तींची मापे घेण्याचे उद्दिष्ट होते.

कोणत्याही सरासरी मापात न बसणारी शरीरेही असतातच. पाठीला बाक आलेल्या वृद्धेचा गाऊन पुढून लांब आणि मागून आखूड होतो. तिच्यासाठी पाठीचा भाग चार-पाच सेंटिमीटर लांब कापावा लागतो. संधिवाताने बोटे आखडलेल्यांना हुक लावता येत नाहीत, तिथे मोठी बटणे किंवा चिकटपट्टी लावावी. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर बगलेत काचणारी शिवण नको असते आणि कपडा पुढून उघडणारा लागतो. पक्षाघाताने एक हात निकामी झालेल्या रुग्णाला कपडा घालताना आधी तोच हात बाहीत घालतात, काढताना तो शेवटी काढतात. म्हणून त्या बाजूचा मुंढा सैल बेतावा, बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी ठेवावी आणि नाडीच्या गाठींनी बंद करावी. असा सदरा दुकानात सहसा मिळत नाही. घरी आटवून ठेवलेले अडीच-तीन मीटर मऊ केंब्रिक आणि थोडी नाडी असेल, तर रुग्ण इस्पितळातून परतण्याच्या आदल्या रात्रीही तो शिवून होतो.