पगाराच्या स्लिपमधले दोनशे रुपये

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. बायको गावातल्या एका खाजगी शाळेत ऑफिसचं काम बघते. एकूण पगार १६,५००. बँकेला तीन महिन्यांच्या स्लिपा हव्या होत्या, म्हणून झेरॉक्सच्या रांगेत उभा होतो आणि हातातले कागद सहज वाचत होतो. पीएफच्या खाली एक ओळ दिसली, 'पी. टी. २००'.

पी. टी. म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपला व्यवसाय कर. ओळ बघून मला माझीच लाज वाटली. कारण ९ मार्च २०२३ ला राज्याच्या अर्थसंकल्पाची बातमी मीच लावली होती. अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ केला होता. त्याआधी ही सूट फक्त १० हजारांपर्यंत होती. नवा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. म्हणजे १५ महिने हा कर उगाच कापला जात होता. पहिल्या वर्षाचे २,५०० आणि नंतरच्या तीन महिन्यांचे ६००, एकूण ३,१०० रुपये. बातमी आपण गावभर पोचवली, पण ती स्वतःच्या घरात पोचली नव्हती.

घरी विषय काढला तर बायको म्हणाली, "अहो, दोनशे रुपयांसाठी कुठे वाकड्यात शिरायचं? पुढच्या वर्षीची ऑर्डर मिळायचीय अजून."

तिचं चूक नव्हतं. पण हे दोनशे रुपये साधे नाहीत मंडळी. त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याच दुष्काळी भागाचा आहे.

आमच्या आई-वडिलांच्या पिढीला १९७२ चा दुष्काळ विचारा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आज गावाबाहेर जो जुना पाझर तलाव दिसतो, त्यातले बरेच त्याच हातांनी खोदलेले.

त्या कामांच्या आधीपासून एक माणूस वेगळा विचार करत होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, त्यांनी १९६५ च्या सुमारास एक प्रयोग सुरू केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. दुष्काळ पडला की सरकारने कृपा करायची, असं नको. ज्याला अंगमेहनतीचं काम हवंय त्याने मागावं आणि सरकारने ते द्यावं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात हा विचार राज्यभर गेला आणि रोजगार हमी योजना उभी राहिली. 'मागेल त्याला काम' हे त्याचं ब्रीद.

आता काम द्यायचं म्हणजे पैसा लागणार. तो आणायचा कुठून? इथे आपली स्लिप येते. १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर सुरू झाला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर, ज्यांची मिळकत बऱ्यापैकी नियमित आहे त्यांनी थोडं द्यायचं आणि ते रोहयोकडे जायचं. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यात रोजगार हमी निधी तयार झाला. व्यवसाय कर आणि इतर काही करांचा पैसा त्या निधीत धरायचा आणि तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची, अशी ती रचना. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने मराठवाड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, असा तो सौदा होता. माझ्या मते महाराष्ट्राने केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक.

बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीतच ३०० का? त्याचं उत्तर राज्यघटनेत आहे. कलम २७६ नुसार एका माणसाकडून वर्षाला किती व्यवसाय कर घ्यायचा याला मर्यादा आहे. आधी ती २५० रुपये होती. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली, आणि आजही तीच आहे. २०० गुणिले ११ म्हणजे २,२००, त्यात फेब्रुवारीचे ३००. झाले २,५००. एवढंच गणित.

पण या मर्यादेची दुसरी बाजू बघा. दोन लाख पगाराचा साहेबही वर्षाला २,५०० भरतो आणि ११ हजार मिळवणारा दुकानातला मुलगाही २,५०० भरतो. साहेबाला ते कळतही नाही, मुलाच्या घरातला गॅस सिलिंडर अडतो. म्हणून खालच्या पगाराची सूट ही खिरापत नव्हे. या कराचा तोल राखायला ती हवीच. आणि ती कागदावर असून स्लिपवर नसेल, तर तो तोल जातो.

आता परत आमच्या गोष्टीकडे. शाळेच्या हेडक्लार्कना विचारलं. "सॉफ्टवेअरमध्येच तसं आहे हो." सॉफ्टवेअर कोणाचं? पगारपत्रक तालुक्याचे करसल्लागार बनवतात. त्यांच्याकडे गेलो. माणूस सज्जन. फाइल उघडली तर महिलांच्या रकान्यात मर्यादा १०,००० च होती. जुना तक्ता वर्षानुवर्षं पुढे कॉपी होत आलेला. कापलेला पैसा कोणी खाल्ला नव्हता, चलनं सगळी भरलेली होती. कोणाचा वाईट हेतू नव्हता. फक्त मुंबईत बदललेला कायदा त्या रकान्यापर्यंत कोणी नेला नव्हता.

"तोंडी सांगितलंत, आता बदलतो," ते म्हणाले. ऑगस्टची स्लिप आली. पुन्हा २००.

तेव्हा मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकता लागलो होतो, २००३ चा दुष्काळ होता. तहसील कचेरीसमोर रोहयोच्या मजुरांची गर्दी असायची. एक म्हातारे कार्यकर्ते प्रत्येकाला एकच विचारायचे, "नमुना चार भरला? पोच घेतली?" कारण त्या कायद्यात अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. पण १५ दिवस मोजायचे कधीपासून? पोचेवरच्या तारखेपासून. पोच नाही तर मागणी केलीच नाही, असं धरतात. तोंडी मागणाऱ्याला तेव्हाही 'उद्या या' हेच उत्तर होतं.

मग आम्ही तेच केलं. शाळेत २५ हजारांच्या आत पगार असलेल्या आणि कर कापला जाणाऱ्या ११ जणी निघाल्या. एकटीने जायची भीती होती, ती अकरा सह्यांनी गेली. एका पानाचा अर्ज. आमचा एकूण पगार इतका, १ एप्रिल २०२३ पासून आम्हाला व्यवसाय कर लागू नाही, पगारपत्रकात दुरुस्ती करावी आणि जास्त कापलेली रक्कम परत मिळावी. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख.

सप्टेंबरच्या स्लिपवरून ती ओळ गेली. चालू वर्षात कापलेले पैसे दिवाळीआधी परत आले. मागच्या वर्षाचे प्रत्येकीचे २,५००, म्हणजे अकरा जणींचे २७,५००, हे घोंगडं मात्र अजून भिजतंय. संस्था म्हणते, सरकारकडे भरलेत. आम्ही म्हणतो, भरायचे नव्हतेच, तुमचा हिशेब तुम्ही सरकारशी मिटवा. अर्ज चालू आहेत. आणि हो, बायकोची पुढच्या वर्षीची ऑर्डरही वेळेवर मिळाली.

ही पोस्ट लिहायचं कारण एवढंच की ही एकाच शाळेची गोष्ट नसणार. दवाखाने, कापड दुकानं, पतसंस्था, छोटे कारखाने, सगळीकडे पगारपत्रक कोणीतरी एकदा बनवलेलं असतं आणि तेच पुढे चालतं. आज घरातल्या बहिणीची, सुनेची, लेकीची स्लिप मागून बघा. हातात येणारा नाही, तर कपातीआधीचा एकूण पगार बघायचा. बोनस त्यात धरायचा नाही. तो २५ हजारांपर्यंत असेल आणि तरी पी. टी. ची ओळ असेल, तर भांडू नका, घाबरूही नका. अर्ज लिहा, शक्य असेल तर चार जणींनी मिळून लिहा.

ज्या योजनेसाठी हा कर आला, तिच्यात मजुराला आधी मागावं लागायचं. पगारदाराचंही तसंच आहे. आणि पोच घ्यायला विसरू नका.