डेट्रॉइटचे बालकारागीर

१९३० सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं जनरल मोटर्सच्या ‘फिशर बॉडी’ या शाखेनें मुलांसाठीं एक कारागीरसंघ स्थापन केला. गंमत अशी कीं, मोटारींच्या या कारखानदारांनीं स्पर्धेस विषय दिला तो नेपोलियनच्या थाटाच्या घोडागाडीचा! कंपनीची मुद्राच ती होती. मूळ गाडीच्या अठराव्या हिश्शाएवढी प्रतिकृति घडवावयाची म्हणजे सुतारकाम, धातुकाम, रंगकाम, गाद्यांचें शिवणकाम, सारें एकट्या मुलानेंच करावयाचें. दारें उघडलीं पाहिजेत, चाकें फिरलीं पाहिजेत. शेंकडों तास त्यांत जात.

१९३७ पासून मोटारीच्या प्रतिकृतींनाहि प्रवेश मिळाला. घोडागाडीचा आराखडा ठरलेला असे. मोटारीचा मात्र ज्याचा त्यानें कल्पावयाचा. खरा कस येथें लागे. उत्तम कारागिरांस विद्यापीठांतील शिक्षणासाठीं ५,००० डॉलरपर्यंत शिष्यवृत्ति मिळे. कंपनीचें औदार्य निर्हेतुक नव्हतें. यांतील कित्येक मुलें पुढें तिच्याच रचनाविभागांत कामास लागलीं. मुलींना मात्र संघाचें दार बंद होतें, आणि हें वैगुण्य लहान म्हणतां येणार नाहीं.

महिनोन् महिने घरच्या कोपऱ्यांत एकट्यानें लांकूड तासणाऱ्या मुलास त्या कष्टांचें मर्म जाणणारा सोबती विरळाच. विजेत्यांना मेजवानीसाठीं डेट्रॉइटला नेत, तेव्हां असे सोबती एका पंक्तीस बसत. रंगाचे थर आणि पातें लागलेलीं बोटें, यांवर त्यांच्या गप्पा किती रंगल्या असतील!

पुढें प्लॅस्टिकचे तयार भाग पेटींत मिळूं लागले. १९६८ सालीं संघ बंद झाला.