१६ नव्हे, १२ अश्वशक्ती

बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. त्यातूनच पुढे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेत डेटन शहरी विल्बर व ऑरव्हिल हे राइट बंधूही सायकलींचेच दुकानदार. त्यांच्या विमानासाठी हलके इंजिन करून देण्यास कोणी कारखानदार पुढे येईना. तेव्हा १९०३ साली दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने ते सुमारे सहा आठवड्यांत घडविले.

सिलिंडरांभोवती पाणी ठेवून ते निवविण्याची सोय त्यात होती; कार्ब्युरेटर मात्र नव्हता. आत येणाऱ्या हवेत पेट्रोल ठिबके व तापलेल्या पत्र्यावर त्याची वाफ होई. मेख येथेच होती. आरंभी इंजिन सुमारे १६ अश्वशक्ती देई. पण मिनिटभरात ही हवा तापून विरळ होई आणि शक्ती १२ वर उतरे.

बंधूंनी विमान आखले होते ८ अश्वशक्तींच्या अपेक्षेने. क्षणिक १६ च्या मोहात न पडता त्यांनी टिकाऊ १२ च हिशेबात धरल्या आणि त्या वाढाव्यावर पंखांना अधिक वजनाची बळकटी दिली. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ त्याच विमानाचे शेवटचे उड्डाण ५९ सेकंद टिकले. अंतर ८५२ फूट.