पार्टिशनचा आकारबदल : ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील घरगुती संगणक

पार्टिशनचा आकारबदल : हार्ड डिस्कवर आखलेल्या विभागांचा आकार, त्यांतील फायली न पुसता, कमी-जास्त करण्याची क्रिया. घरी तिची गरज बहुधा एकाच कारणाने पडते. विंडोज असलेला सी ड्राइव्ह भरत येतो, त्याची पट्टी लाल होते आणि शेजारच्या डी ड्राइव्हमध्ये मात्र जागा पडून असते. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात या कामाचे यशापयश सॉफ्टवेअरइतकेच वीजपुरवठ्यावर व बॅकअपच्या सवयीवर ठरत आले आहे. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत या दोन बाबींना अधिक जागा दिली आहे.

रचना : जुन्या एमबीआर पद्धतीत विभागांचा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असतो. त्यात फक्त चार नोंदी मावतात. अधिक विभाग हवे असल्यास एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ ठेवून तिच्या पोटात ‘लॉजिकल’ ड्राइव्ह करतात. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असल्याने २ टेराबाइटच्या आसपास ही पद्धत थांबते. नव्या संगणकांतील जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ विभाग करू देते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस राहते. आकार बदलताना तक्त्यातील सीमा आणि आतील फाइल सिस्टिमचा हिशेब, दोन्ही बदलावे लागतात. दोन्हींचा मेळ बसला नाही तर विंडोज तो विभाग ‘रॉ’ म्हणून दाखवते आणि फॉरमॅट करायला सांगते. अशा वेळी फॉरमॅटला होकार देऊ नये.

इतिहास : आयबीएमच्या पीसी डॉस २.० बरोबर १९८३ मध्ये एफडिस्क आले. त्यात विभाग करता व काढता येत, मात्र आकार बदलायचा म्हणजे विभाग पुसून नव्याने करायचा. एफएटी१६ या फाइल सिस्टिममध्ये विभागाला २ गिगाबाइटची मर्यादा होती, म्हणून ४.३ गिगाबाइटची डिस्क पूर्ण वापरायला तीन विभाग करावे लागत. विंडोज ९५ च्या १९९६ मधील आवृत्तीत एफएटी३२ आल्यावर ही सक्ती संपली, सी-डी-ई अशी वाटणी मात्र अंगवळणी पडलेलीच राहिली. फायली राखून आकार बदलणाऱ्या घरगुती प्रोग्रामांत पॉवरक्वेस्टचे पार्टिशन मॅजिक सर्वांत परिचित होते. २००३ मध्ये सिमँटेकने ती कंपनी घेतली. विंडोज व्हिस्टापासून (२००७) ‘श्रिंक’ व ‘एक्स्टेंड’ या सोयी डिस्क मॅनेजमेंटमध्येच मिळू लागल्या.

स्थानिक वापर : १९९० च्या दशकाअखेरीपासून या परिसरात असेंबल्ड संगणक मोठ्या प्रमाणावर घेतले गेले. सुटे भाग ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. भडकमकर मार्ग) आणले जात किंवा स्थानिक विक्रेता जोडणी करून देई. डिस्कचे तीन भाग करण्यामागे व्यवहारी हेतू होता. व्हायरस शिरला की सी फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकायचे आणि डी, ई यांना हात लावायचा नाही. ही योजना उपयुक्त होती, पण तिला दोन मोठी छिद्रे होती. डेस्कटॉप व माय डॉक्युमेंट्स हे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरच असतात. डी सुरक्षित म्हणून निश्चिंत असलेल्या घरांतले फोटो त्यामुळे सी बरोबर पुसले जात. दुसरे छिद्र खास मराठीचे आहे. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर डी ड्राइव्हवर शाबूत राही, पण फॉन्ट सीवरच्या विंडोज फोल्डरमध्ये असत. फॉन्ट गेले की लग्नपत्रिका असो वा स्मरणिका, पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हांचा गोंधळ दिसे. युनिकोडमधील मजकुराला ही अडचण येत नाही.

वीजपुरवठा : मुंबई शहर भारनियमनातून वगळले जात असताना ठाणे व त्यापलीकडचा भाग महावितरणच्या (स्थापना २००५) वेळापत्रकानुसार वीज वापरत होता. वेळापत्रक आधी कळत असल्याने काम त्याबाहेर ठेवता येई. खरा धोका अचानक जाणाऱ्या विजेचा असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या ४०० केव्ही मार्गावरील बिघाडानंतर मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा पुरवठा कोसळला आणि काही भागांत तो कित्येक तास आला नाही. टाळेबंदीमुळे त्या काळात नोकरी व शाळा, दोन्ही घरच्या संगणकावर होत्या. सध्या कल्याण-डोंबिवली महावितरणच्या कल्याण परिमंडळात व ठाणे शहर भांडुप परिमंडळात येते. कळवा-मुंब्रा भागात मार्च २०२० पासून टोरंट पॉवर वितरण पाहते.

वीज इतकी महत्त्वाची का, हे आकड्यांतून दिसते. विभागाची उजवी सीमा वाढवणे काही सेकंदांचे काम आहे, कारण त्यात डेटा हलत नाही. डावी सीमा हलवली की आतला सगळा डेटा सरकवावा लागतो. साध्या हार्ड डिस्कवर त्याच डिस्कवरून वाचून तिच्यावरच लिहिण्याचा वेग सेकंदाला ४० मेगाबाइट धरला, तर २०० गिगाबाइटला ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास लागतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण १० ते २० मिनिटे टिकतो. तेव्हा डेटा सरकवण्याच्या कामाला केवळ यूपीएसच्या भरवशावर हात घालू नये. इन्व्हर्टर किंवा पूर्ण चार्ज असलेला, चार्जरला जोडलेला लॅपटॉप हाच विश्वासाचा आधार. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमचे जर्नल तिच्या स्वतःच्या नोंदी सावरते. दुसऱ्या प्रोग्रामने अर्धवट सरकवलेला विभाग त्याच्या आवाक्याबाहेर असतो.

कृती : डीमधून जागा काढून सीला देताना सर्वांत जास्त फसगत एका गोष्टीने होते. डी ‘श्रिंक’ केला की मोकळी जागा डीच्या उजवीकडे निर्माण होते. विंडोजला मात्र ती सीला लागून उजवीकडे हवी असते, म्हणून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट राहते. सुरक्षित मार्ग असा : डीवरील सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात, त्या उघडून पाहाव्यात, डी काढून टाकावा, सी वाढवावा, उरलेल्या जागेत डी पुन्हा करावा. डी लॉजिकल असल्यास रिकामा झालेला एक्स्टेंडेड विभागही काढावा लागतो. सी कमी करताना पेज फाइल, हायबरनेशन फाइल व सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती जागच्या हलत नसल्याने अपेक्षेपेक्षा कमी जागा सुटते. त्या तात्पुरत्या बंद केल्यास फरक पडतो. आकडा मेगाबाइटमध्ये द्यायचा असतो; १०० गिगाबाइटसाठी १,०२,४०० लिहावे. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असल्यास तो आधी स्थगित करावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

रिकव्हरी पार्टिशन : नव्या संगणकांत विंडोजच्या दुरुस्तीची साधने ठेवणारा हा छोटा विभाग बहुधा सीच्या लगेच उजवीकडे असतो आणि सीची वाढ अडवतो. ९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे सुरक्षा अद्यतन दिले. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० मेगाबाइट मोकळी जागा लागे. ती नसलेल्या असंख्य संगणकांवर ०एक्स८००७०६४३ ही त्रुटी येऊ लागली. कंपनीने सुचवलेला उपाय हाताने करायचा होता : रीएजंटसी आज्ञेने रिकव्हरी बंद करणे, डिस्कपार्टमधून सी २५० मेगाबाइटने कमी करणे, जुना रिकव्हरी विभाग काढून मोठा करणे, रिकव्हरी पुन्हा चालू करणे. आकारबदल हे तंत्रज्ञाचे काम मानणाऱ्या सामान्य घरांपुढे ते या निमित्ताने थेट येऊन ठेपले. डिस्कपार्टमध्ये विभागाचा क्रमांक चुकला तर भलताच विभाग जातो. म्हणून प्रत्येक वेळी यादी पाहूनच पुढे जावे.

लिनक्स : जीपार्टेड हे प्रचलित साधन. एक्स्ट४ विभाग कमी करण्यापूर्वी अनमाउंट करावा लागतो.

मॅक : २०१७ पासूनच्या एपीएफएसमध्ये एका कंटेनरमधील व्हॉल्यूम मोकळी जागा सामाईक वापरतात.

मतभेद : घरच्या संगणकाला एकच विभाग पुरतो की दोन असावेत, यावर तंत्रज्ञांत एकमत नाही. एसएसडीवर वेगासाठी वाटणी करण्याचे कारण उरलेले नाही. विंडोज पुन्हा टाकण्याच्या सोयीसाठी दोन विभाग आजही ठेवले जातात.

बॅकअप : डी ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. सी आणि डी एकाच डिस्कवर असतात आणि डिस्क बिघडली की दोन्ही एकदम जातात. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण, डोंबिवली व बदलापूरच्या सखल भागांत तळमजल्याच्या घरांत पाणी शिरले. अशा पाण्यात डिस्कवरील वाटणीचा काही उपयोग नसतो. आकारबदलापूर्वी वेगळ्या डिस्कवर घेतलेली आणि उघडून तपासलेली प्रत हीच या कामाची पहिली पायरी होय.