वाहनावरील विंच

वाहनावरील विंच हे मोटारवाहनाच्या पुढील किंवा मागील भागात बसवलेले, ड्रमवर दोर गुंडाळून जड वस्तू आडवी ओढणारे यंत्र आहे. विहिरीवरच्या रहाटाचेच तत्त्व तिच्यात वापरलेले असते. मात्र हाताच्या बळाऐवजी विद्युत मोटर व दंतचक्रांचा संच काम करतो. चिखलात रुतलेले वाहन बाहेर काढणे हा तिचा मूळ उपयोग होय. झाडाचे बुडखे, ओंडके आणि पडक्या बांधकामाचे दगड हलवण्यासाठीही ती परसात व आवारात वापरली जाते. नागपूरमधील महालसारख्या दाट वस्तीत मात्र यंत्राच्या ताकदीपेक्षा उपलब्ध मोकळी जागा हीच तिच्या वापराची खरी मर्यादा ठरते.

रचना

जीप व तत्सम वाहनांवरील विंच सामान्यतः १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मोटर, दंतचक्रे, ड्रम, क्लच, दोराला दिशा देणारा फेअरलीड, आकडा आणि तारेने जोडलेला किंवा बिनतारी नियंत्रक हे तिचे मुख्य भाग आहेत. अमेरिकेत १९४८ मध्ये स्थापन झालेल्या वॉर्न इंडस्ट्रीज या कंपनीने १९५९ मध्ये हौशी वाहनचालकांसाठी विद्युत विंच बाजारात आणली.

दोर दोन प्रकारचे असतात. पोलादी दोर घर्षणाला टिकतो. परंतु तो जड असतो आणि त्याच्या तुटलेल्या तारा हातात घुसतात. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो व तुटल्यास त्याचा फटका तुलनेने कमी बसतो. मात्र उष्णता, ऊन आणि दगडाची धार यांमुळे तो लवकर खराब होतो.

क्षमता आणि प्रत्यक्ष भार

विंचवर नोंदलेली क्षमता ड्रमवरील दोराच्या सर्वांत आतल्या थरासाठी असते. प्रत्येक वाढत्या थरागणिक ओढ घटते; चौथ्या थरावर ती मूळ क्षमतेच्या सुमारे दोन तृतीयांश उरते. असे असले, तरी दोर पूर्ण सोडता येत नाही. पोलादी दोराचे किमान ५ आणि कृत्रिम दोराचे सुमारे १० वेढे ड्रमवर शिल्लक ठेवावे लागतात, अन्यथा भार दोराच्या टोकाच्या जोडणीवर येतो.

स्नॅच ब्लॉक ही एका बाजूने उघडणारी कप्पी भारावर लावून दोराचे टोक परत वाहनाकडे आणल्यास भारावरील ओढ जवळजवळ दुप्पट व वेग निम्मा होतो. कप्पी स्थिर आधाराला बांधून केवळ दिशा बदलली, तर ओढ वाढत नाही. उलट आधारावरील भार वाढतो. दोरात १,००० किलो ताण असता ९० अंशांच्या वळणावर आधाराला सुमारे १,४०० किलो, तर दोर पूर्ण मागे वळवल्यास २,००० किलो भार सोसावा लागतो.

वाहनाची पकडही विचारात घ्यावी लागते. १,८०० किलो वजनाचे वाहन कोरड्या काँक्रीटवर सर्व चाके रोखून उभे केले, तरी सुमारे १,२०० ते १,३०० किलो ओढीला ते स्वतःच सरकू लागते. ओल्या काळ्या मातीत ही पकड आणखी कमी होते. त्यामुळे ४,००० किलो क्षमतेची विंच बसवली म्हणून ४,००० किलोची ओढ मिळेलच असे नाही.

सुरक्षित वापर

ताणलेल्या दोरात ऊर्जा साठलेली असते. दोर, आकडा किंवा आधार तुटल्यास ती एका क्षणात मुक्त होते व सुटलेला भाग माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून पुढील दक्षता घेतल्या जातात:

- ताणलेल्या दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकाखेरीज कोणीही थांबू नये; १० मीटर दोरासाठी हे अंतर १५ मीटर होते. चालकाने दोराच्या रेषेत उभे राहू नये.
- कप्पीने दोर वळवला असल्यास वळणाच्या आतील बाजूस कोणीही नसावे.
- ताणलेला दोर ओलांडू नये व त्याला हात लावू नये.
- दोराच्या मध्यावर जड कापड किंवा विंचसाठीचे वजनदार आवरण टाकावे.
- हाताळताना चामड्याचे जाड हातमोजे वापरावेत. आकडा धरताना त्याला जोडलेल्या पट्ट्याला धरावे.
- दोराचा आकडा त्याच दोरात अडकवू नये. जिवंत झाडाचा आधार घेताना बुंध्याच्या तळाशी रुंद पट्टा लावावा.
- झटके न देता, थांबत थांबत ओढावे व मोटर थंड होऊ द्यावी.
- या विंचने माणूस किंवा वस्तू वर उचलू नये.

दाट वस्तीतील वापर: महाल

महाल हा नागपूरचा जुना भाग अठराव्या शतकापासून भोसल्यांच्या राजधानीचे केंद्र होता. अरुंद गल्ल्या, एकमेकांना लागून असलेली घरे आणि चौकाभोवती बांधलेले वाडे हे येथील वस्तीचे वैशिष्ट्य आहे. अशा चौकात १५ मीटर त्रिज्येची निर्मनुष्य जागा क्वचितच मिळते. वाहन गल्लीत उभे करून दरवाजातून दोर आत नेल्यास रहदारीची वाटच धोक्याच्या रेषेत येते.

दुसरा धोका मुळांचा असतो. पिंपळ, वड व उंबर यांची मुळे भिंतीच्या सांध्यांत आणि पायाखाली शिरतात. असा बुडखा ओढल्यास त्याच्यासोबत जुनी भिंत, जलवाहिनी किंवा गटार उखडू शकते. दगडाच्या वजनाचा अंदाजही हमखास चुकतो: एक घनमीटर बेसाल्ट सुमारे २,८०० ते ३,००० किलो भरतो. पावसाळ्यात भिजलेल्या काळ्या मातीत ठोकलेली पहार आधार म्हणून विश्वासार्ह नसते.

कायदेशीर बाबी

शहरी भागातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते आणि तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही समाविष्ट आहे; त्यामुळे विंचने झाड उपटणे त्यातून सुटत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत.

पर्याय

जागा अपुरी असल्यास बुडख्याभोवती खणून मुळे उघडी करणे, ती करवतीने तोडणे आणि लाकडाचे हाताने नेता येतील असे तुकडे करणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. दगड पहारीने उचकटून लाकडी रुळांवरून सरकवता येतो. उचलण्याच्या कामासाठी तिपाईवर टांगलेली, त्याच कामासाठी प्रमाणित केलेली साखळी-कप्पी वापरली जाते. मुळे भिंतीत शिरलेली असल्यास भिंतीला टेकू देऊन बांधकाम अभियंत्याच्या देखरेखीखाली ती टप्प्याटप्प्याने काढावी लागतात.