वैचारिक सामीप्य (मतदान)

वैचारिक सामीप्य म्हणजे मतदाराची राजकीय मते आणि उमेदवाराची भूमिका यांतील जवळीक. मतदार आपल्या मतांना सर्वांत जवळच्या उमेदवाराला पसंती देतो, हे गृहीतक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली मांडले. त्यामागे हॅरॉल्ड होटेलिंग यांची १९२९ मधील दुकानांची उपमा आहे. रस्त्यावरील ग्राहक जसा जवळचे दुकान गाठतो, तसा डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या विचाररेषेवरील मतदार जवळचा उमेदवार निवडतो. ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेतील आसनव्यवस्थेवरून रूढ झाले.

फ्रान्समधील २००२ ची निवडणूक

फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २००२ साली १६ उमेदवार होते. अध्यक्ष जाक शिराक आणि समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांच्यातच अंतिम लढत होईल, असे बहुतेकांनी धरून चालले होते. आपला कार्यक्रम समाजवादी नाही, असे जोस्पँ यांनी प्रचाराच्या प्रारंभी सांगितले. मध्याकडे सरकण्याचा हा प्रयत्न डाउन्स यांच्या उपपत्तीशी जुळणारा होता. परंतु त्यांच्या डावीकडे पर्यायांची वाण नव्हती. तीन ट्रॉट्स्कीवादी उमेदवारांनीच मिळून १० टक्क्यांहून अधिक मते घेतली. हरितवादी, साम्यवादी, ज्याँ-प्येर शव्हेनमाँ व क्रिस्तियान तोबिरा यांचा वाटा वेगळाच.

२१ एप्रिल रोजी शिराक यांना १९.८८ टक्के, अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के आणि जोस्पँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली. जोस्पँ सुमारे १ लाख ९५ हजार मतांनी मागे पडून स्पर्धेबाहेर गेले. एकट्या तोबिरा यांची मते याच्या तिपटीहून अधिक होती. डाव्या मतदारांनी आपापला जवळचा उमेदवार निवडला आणि दुसऱ्या फेरीत त्यांच्या जवळचा कोणीच उरला नाही. मतपत्रिकेवर केवळ पहिली पसंती नोंदवता येते. दुसरी-तिसरी पसंती मतदाराच्या मनातच राहते, हे त्याचे खरे कारण होय. ५ मे रोजी त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी त्यातल्या त्यात कमी दूरचे म्हणून शिराक यांना मत दिले. शिराक ८२.२१ टक्के मतांनी विजयी झाले, मात्र हा आकडा त्यांच्या विचारांना मिळालेला पाठिंबा दर्शवत नाही.

२००७ साली ‘उपयुक्त मत’ हा शब्दप्रयोग प्रचारात वारंवार ऐकू आला. त्या वेळी समाजवादी उमेदवार सेगोलेन रोयाल यांना पहिल्या फेरीत २५.८७ टक्के मते मिळाली.

मतभेद

जॉर्ज रॅबिनोविट्झ व स्टुअर्ट मॅकडोनाल्ड यांनी १९८९ मध्ये या गृहीतकाला आव्हान दिले. त्यांच्या मते मतदार अंतर मोजत नाही. उमेदवार आपल्या बाजूचा आहे का आणि ती बाजू किती ठामपणे मांडतो, हे पाहतो.